मामा, खाचरात वाल आहे

मामा, तू स्वप्नात येतोस तेव्हा काहीच बोलत नाहीस. ओटीवर पाट टाकून, मांडीत सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसलेला असतोस. अंगणात धुकं असतं, इतकं की समोरची विहीर दिसत नाही. सूप भरत जातं आणि तू मान वर करत नाहीस. मी म्हणतो, "अरे, तुझ्या घरात वाल कुठला?" तू ऐकून न ऐकल्यासारखं करतोस. मग गजर होतो, पहिल्या पाळीला उशीर होईल म्हणून मी धडपडत उठतो, आणि का कोण जाणे, तोंडात गुळाची चव असते.

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला सगळे बोलले. वाडीतले बोलले, पोलादपूरचे गुरुजी बोलले. मार्चमध्ये महाडच्या तळ्यावर माणसं जमतात तेव्हा तू पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून ग्लास भरून द्यायचास, त्यातले दोघं खास माणगावहून आले होते, तेही बोलले. माझा नंबर आला. मी माईक घेतला, "जयभीम" म्हणालो आणि माईक परत देऊन खाली बसलो. लोकांना वाटलं, भाच्याचा गळा दाटला. पण कारण निराळं होतं. तुझ्याबद्दल जे बोलायचं होतं ते मी दोन वर्षं तुझ्यापासूनच लपवून ठेवलं होतं. तुला सांगितलं नाही ते चारशे माणसांना कुठल्या तोंडानं सांगू?

म्हणून आता लिहितोय. उशीर झालाय, माहीत आहे. तू म्हणायचास ना, "ह्या पोराचं सगळं वरात गेल्यावर बँड लावायचं काम." तसंच समज.

मी सहा वर्षांचा होतो. आईचं अंगणवाडीचं ट्रेनिंग लागलं म्हणून तिनं मला महाडहून तुझ्याकडे आणून सोडलं होतं. तुम्ही दोनच भावंडं. आई महाडला दिलेली, तू वाडीतच राहिलास. तुझं लग्न नुकतंच झालेलं. मामी अजून लाजत बोलायची आणि तू मात्र दिवसभर मला खांद्यावर घेऊन हिंडायचास. थंडीचे दिवस. सावित्री नदीवरनं धुकं वर चढायचं आणि तुझ्या खाचरात येऊन बसायचं. भात कापून झालेलं, जमिनीत होती तेवढ्या ओलीवर वाल टरारून आलेला. पांढरी फुलं, मधे मधे जांभळी. मी त्या वालात शिरलो की तुला नुसती माझी टोपी दिसायची. हे सगळं खरंच असं होतं की मी मागाहून रंगवलं, आता सांगता येत नाही. तू असतास तर विचारलं असतं.

मला ताप आला. एक दिवस हुडहुडी, एक दिवस बरा. मलेरियावाला सायकलवरनं आला, बोटाला टोचून काचेवर रक्त घेऊन गेला, आणि आठवड्यानं कागदाच्या पुडीत गोळ्या घेऊन आला. पाच दिवसांच्या. कडू जहर. मी थुंकून टाकली तशी तू पुढची गोळी वरवंट्यानं चुरलीस, गुळाच्या खड्यात दाबलीस आणि मला मांडीवर घेऊन म्हणालास, "आ कर. शाणा हायस ना माझा?" मी आ केला. दुसऱ्या दिवशी पण केला. तिसऱ्या दिवशी पण.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोपटी लावली. तू वाडीतल्या चार जणांना बोलावलंस. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, दोन अंडी खास माझ्यासाठी. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवला. तुझ्या हातून सोललेल्या शेंगा मी खात होतो आणि तू "बास, बास, पोट फुटंल" म्हणत आणखी सोलून देत होतास. मामा, माझ्या सगळ्या बालपणातली ती सगळ्यात सुंदर संध्याकाळ आहे. पुढं जे झालं त्यानं ती खराब झाली असं तुला कायम वाटलं. मला तसं कधीच वाटलं नाही, हे तुला निदान एकदा तरी स्पष्ट सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लघवीला उभा राहिलो तर कोकमाच्या पाण्यासारखी. संध्याकाळपर्यंत काळ्या चहासारखी. डोळे पिवळे, ओठ पांढरेफटक. तू मला चादरीत गुंडाळून टेम्पोतनं महाडला आणलंस, तिथनं मुंबईला पाठवलं. मला आठवतं ते एवढंच, की तुझ्या शर्टाला धुराचा आणि भांबुर्ड्याचा वास येत होता.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?" तू म्हणालास, "वाल. माझ्याच हातनं चारलेत." अंडी सांगितलीस, ओवा सांगितलास. गोळीचं कोणाच्या मनातही आलं नाही. गोळी म्हणजे खाणं थोडंच? ती तर सरकारनं बरं होण्यासाठी दिलेली. डॉक्टर घाईत होते. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, की ह्याच्या रक्तात एक एन्झाइम जन्मतःच कमी आहे. काही औषधं आणि एका जातीचे दाणे ह्याला सोसत नाहीत, खाल्ले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वाल नकोच ह्याला. एक छापील कागदही दिला. तो कागद पुढं कुठल्याशा पुरात गेला. तुमच्या डोक्यात राहिला तो फक्त वाल.

आईनं इस्पितळाच्या जिन्यात तुला एकच वाक्य ऐकवलं. "तुझ्या भरवशावर पोर ठेवलं, नि तू काय करून ठेवलंस?" बस. पुन्हा कधी त्या विषयावर बोलली नाही. पाच वर्षांपूर्वी गेली, तोवर नाही. तुम्ही भाऊबहीण त्यानंतरही हसत-बोलत होतात, भाऊबीज चुकली नाही, पण ते वाक्य तुझ्या पाठीवर कायमचं बसलं होतं हे मला मोठा झाल्यावर कळलं.

तुझ्या घरातून वाल गेला. खाचरात तू हरभरा पेरायला लागलास, तो धड येईना, तरी हरभराच. अख्ख्या रायगडात थंडीत घराघरांतून बिरड्याचा वास येतो आणि तुझ्या घरात मटकी! मामी माहेरी गेली की चोरून बिरडं खाऊन यायची आणि येताना बडीशेप चघळत यायची, तरी तुला कळायचं. माझ्या लग्नात तर तू कहर केलास. आचाऱ्यानं आदल्या दिवशी वाल भिजत घातलेला. तू पातेल्यात डोकावलास आणि ओरडलास, "कोणाच्या लग्नाला आलायस नि कोणाला मारायला निघालायस?" त्याला वाल फेकायला लावून ऐन वेळी काळे वाटाणे शिजवायला लावलेस. वाटाणे शिजेनात. वऱ्हाड ताटकळलं, सासरेबुवा घड्याळाकडे बघतायत आणि नवरदेवाचा मामा चुलीपाशी पहारा देतोय.

आणि तो तुझा प्रश्न! माणसं भेटल्यावर कसा आहेस विचारतात. तू विचारायचास, "लघवी साफ हाय ना रे?" एसटी स्टँडवर, बँकेच्या रांगेत, कुठंही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवी नवरी शेजारी उभी असताना विचारलंस. माझी बायको अजून हसते त्यावर. मी चिडायचो. "मामा, चाळिशीला आलो मी आता!" तू म्हणायचास, "मग? चाळिशीत लघवी बंद होते काय?" शहाण्याला उत्तर देता येईल, तुला कुठलं?

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्या आजारानंतर तू मला तुझ्या हातानं कधी काही भरवलं नाहीस. आंबा कापलास तरी फोडी मामीकडे द्यायचास, मामी माझ्यापुढं ठेवायची. मला पेढा द्यायचा झाला तर बॉक्सच पुढं करायचास. लहानपणी मला वाटायचं, मी आता मोठा झालो म्हणून.

आपलं भांडण मात्र जोरात चालायचं. मी औषधाच्या कारखान्यात क्यूसीला लागलो. गोळी पाण्यात किती वेळात विरघळते, लेबलवर लिहिलंय तेवढं औषध तिच्यात आहे का, हे बघायचं माझं काम. तू वाडीभर सांगत सुटलास, "भाचा डॉक्टरच्या वरचा हाय. डॉक्टर देतो त्या गोळ्या हा तपासतो." मी जरा वाचायला लागलो होतो, तेव्हा तुला समजावायला गेलो, की हे आजीकडून आईकडे आणि आईकडून माझ्याकडे आलंय. बाईमाणसाला बहुतेक त्रास होत नाही, मुलग्याला होतो. तुला पण असू शकेल. तू असा भडकलास! "रक्ताच्या गोष्टी मला सांगू नको. ह्याचं रक्त असलं नि त्याचं तसलं, हे ऐकून ऐकून आपल्या बापजाद्यांच्या पिढ्या गेल्या. माणूस रक्तानं ठरत नाय."

मी म्हणालो, "मामा, ती गोष्ट वेगळी आणि ही वेगळी."

"बोलायला वेगळी. परवा कोणतरी हेच पुस्तक काढंल नि म्हणंल, बघा, ह्यांच्या रक्तातच खोट हाय."

"मग माझ्या आजारपणात बाटलीभर रक्त दिलंस, ते 'माझं रक्त हाय तुझ्यात' म्हणून मिरवतोस ते काय?"

तू जरा गडबडलास. मग म्हणालास, "ते प्रेमानं दिलेलं रक्त हाय, त्याचं निराळं." मामी पदर तोंडाला लावून हसत होती. मग तू शांतपणे जे बोललास ते मी विसरलेलो नाही. "हे बघ, बी काय करील रे एकटं? बी पडून असतं. त्याच्यावर पाणी पडतं का मीठ पडतं, त्यावर हाय सगळं." मामा, मी ह्या विषयावर पुढं पुष्कळ वाचलं. जाड जाड शब्दांत सगळे हेच सांगत होते.

दोन वर्षांपूर्वी कंपनीत मला दुसऱ्या प्लँटला टाकायचं ठरलं. तिथली केमिकलं अशा रक्ताला वाईट, म्हणून कंपनीच्या डॉक्टरांनी बसवून सगळा इतिहास विचारला. मी वालाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तो दाणा निराळा. बाकला म्हणतात त्याला, आपल्या कोकणात कोण पिकवतो? आपला वाल म्हणजे वेगळीच वेल. वाल खाऊन असं झालेला पेशंट मी तरी बघितलेला नाही. त्या आठवड्यात ताप होता का? मलेरियाची गोळी वगैरे?" मी म्हणालो, "छे."

पाळी सुटली. एमआयडीसीच्या रस्त्यावर नेहमीचा तो आंबूस वास, मोटरसायकलींची रांग, मी मधे. आणि गाडी चालवता चालवता जिभेवर गूळ आला. आधी गूळ, मग त्याच्या आतलं ते कडू. मी गाडी बाजूला घेतली. तुझा अंगठा दिसत होता, गुळाचा खडा दाबणारा. आ कर. शाणा हायस ना माझा?

त्या दिवसापासून मी गप्प झालो. वाल सोडवायचा तर तुझा हात सापडत होता. वाल खोटा ठरला की तू विचारणार, मग कशानं? आणि मी काय सांगू? तुझ्या हातानं? ज्या माणसानं तीस वर्षं वालाकडे बघितलं नाही, त्याला सांगू की तू पोपटी चारलीस त्यानं काही झालं नाही, गूळ चारलास त्यानं झालं? मी गोळीचं सांगितल्यावर कंपनीचे डॉक्टर म्हणाले होते, तेव्हा खेडोपाडी हे रक्त कोण तपासायचं? ताप तसाच राहिला असता तर त्यातही पोर गेलं असतं. तुझी काडीइतकी चूक नव्हती. पण तू हे "चूक नव्हती" ऐकलं नसतंस. तू फक्त "गोळी" ऐकली असतीस.

एकदा अगदी ओठावर आलं होतं. आपण गाडीवरनं खेडला लग्नाला चाललो होतो. कशेडी घाटात ट्रक अडकलेले, सगळा रस्ता ठप्प. एक बाई टोपलीत उकडलेल्या शेंगा घेऊन गाड्यांमधून फिरत होती. तू मागनं माझ्या खांद्याला धरलंस. "नाकाला रुमाल लाव." मी म्हणालो, "मामा, वासानं काही होत नाही." मग धीर करून म्हणालो, "समज, वालाचा दोष नसेलच तर?"

"मग कोणाचा?"

मी समोरच्या ट्रकच्या पाट्या वाचत राहिलो. म्हणालो, "कोणाचाच नाही."

"असं नसतं रे. पोर उगाच मरणाला टेकत नाय." आणि ट्रक हलले. लग्नात तू नाचलास सुद्धा. मला मात्र जेवण गेलं नाही.

आणि तू गेलास. दुपारी जेवून ओटीवर आडवा झालास तो उठलाच नाहीस. मी पोचलो तेव्हा तुझ्या उशाशी मामीनं पाण्याचा तांब्या तसाच ठेवलेला होता.

गेल्या रविवारी मामीचा फोन आला. "पोरीला घेऊन ये. खाचराकडं जायचं हाय." बायकोची दुपारची पाळी होती, म्हणून मैत्रीला मागं बसवून तसाच निघालो. नऊ वर्षांची झाली आता. रस्ताभर धुकं होतं, पोलादपूर येईपर्यंत तिनं माझ्या पाठीआडून डोकं बाहेर काढलं नाही. तुझ्या मातीला आलो तेव्हा, पुण्यानुमोदनाला आलो तेव्हा, दोन्ही वेळा मी घर आणि वाडी ह्यापलीकडे गेलोच नव्हतो. मामी पुढं, आम्ही मागं. बांध चढलो आणि मैत्री म्हणाली, "बाबा, हे काय लावलंय?"

सगळं खाचर वालानं भरलेलं होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत. खाली शेंगा धरलेल्या आणि वर अजून फुलं, पांढरी आणि मधे मधे जांभळी. धुक्यात त्याचा शेवट दिसत नव्हता. मैत्री आत शिरली आणि मला नुसती तिची टोपी दिसायला लागली. मला वाटलं, मी अजून झोपेतच आहे, आता गजर होणार.

मामी बांधावर बसली. म्हणाली, "त्यांनी पेरलाय. भात कापल्या कापल्या."

मग तिनं सांगितलं. भातकापणीच्या आधी तुला ताप आला होता, तीन दिवस महाडला दाखल केलं होतं. मी ऑडिटमध्ये अडकलेलो, घरी सोडलं त्या दिवशी आलो, तर तू म्हणालास, "साधा ताप व्हता, उतरला." साधा नव्हता. मलेरिया होता. डॉक्टरीण तरणी पोरगी होती. गोळी द्यायच्या आधी तिनं विचारलं, घरात कोणाला रक्ताचं काही आहे का? मामीनं माझं सांगितलं. तिनं तुझं रक्त तपासलं. तुला पण तेच निघालं.

"तिनं सांगितलं, ही गोळी तुम्हाला चालायची नाय, दुसरं बघू. तर ह्यांनी इचारलं, 'ही गोळी लहान पोराला दिली तर? माझ्यासारखं रक्त असंल त्याचं तर?' ती म्हणाली, 'लघवी काळी होईल, रक्त उतरंल.' ह्यांनी इचारलं, 'नि वाल?' ती म्हणाली, 'वालाचं काय?'" मामी पुढं म्हणाली, "दोन दिवस जेवलं नायत. मग मला म्हणालं, 'गोळी दिली मी, नि तीस वर्षं बोल लावला मुक्या वालाला.'"

"मला का नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलोच.

"सांगणार व्हते. म्हणालं, 'आता सांगितलं तर तो म्हणंल, जाऊ दे मामा. मला जाऊ दे नको हाय. शेंगा भरल्या की त्याला बोलवीन, इथं बांधावर शेजारी बसवीन, माझ्या हातनं चारीन, नि मग सांगीन.'"

मामा, खरं सांगू? मला तुझा राग आला. असा राग आला की समोर असतास तर भांडलो असतो. तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि दिवाळीला आपण दोघं तासभर समोरासमोर बसून कसल्या गप्पा मारल्या, तर चकलीच्या! मी मामीला सगळं सांगून टाकलं, की मला दोन वर्षांपासून माहीत आहे. तिनं कपाळावर हात मारला, म्हणाली, "मामाच्या वळणावर गेलाय म्हणत्यात ते उगाच नाय. दोघांत एकाला तरी तोंड असावं ना रे!" आणि मग ती रडायला लागली, म्हणून मी पण रडलो. मैत्री वालातून बाहेर येऊन आमच्याकडे बघत उभी राहिली.

मी विचारलं, "एवढं बियाणं आणलं कुठनं?" मामीनं डोळे पुसले. म्हणाली, विहिरीमागं चार वेल तू दरवर्षी लावायचास. शेंग कधी तोडली नाहीस, वेलावरच वाळू द्यायचास, बी काढून राखेत घालून ठेवायचास. तुझ्या आईच्या हातचं बी होतं, ते मरू द्यायचं नव्हतं. म्हणजे तीस वर्षं तू तोंडानं वालाला शिव्या देत होतास आणि विहिरीआड त्याला पाणी घालत होतास. अरे वा रे मामा! आजीकडून आपल्या दोघांकडे हे रक्त आलं, आणि तिच्याकडूनच हे बी आलं. रक्ताशी भांडलास, बी मात्र जपलंस. आता ते रक्त मैत्रीकडेही गेलंय. तिला स्वतःला बहुधा त्रास व्हायचा नाही, पण उद्या तिच्या मुलाला होऊ शकतो. कुठली औषधं चालत नाहीत त्याचा कागद मी तिच्या शाळेत दिलाय, घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. आणि त्या कागदावर वाल नाही.

संध्याकाळी पोपटी लावली. मामीला पाला नीट लावता येईना, तो तुझा मान होता. मैत्रीनं मीठ जास्त घातलं. ऊन उतरता उतरता पेंढा पेटवला आणि तो वास आला. मामा, तो वास! तुझा शर्ट, टेम्पो, चादर, सगळं एकदम अंगावर आलं. मडकं उघडलं. मी बांधावर बसलो आणि डाव्या बाजूला जागा सोडली. मैत्री तिथं बसायला आली तर मामी म्हणाली, "तिथं नको बाय, इकडं ये." बाकी काही सांगितलं नाही.

शेंग हातात घेतली आणि हात थांबला. वालात काही नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, डॉक्टरांचं ठाऊक आहे, पुस्तकांतलं ठाऊक आहे. तरी हात थांबला. तीस वर्षांची भीती आहे रे, ती काय कागद वाचून जाते? मामीनं माझ्या हातातली शेंग काढून घेतली, सोलली, दाणे तळहातावर घेऊन फुंकले आणि म्हणाली, "आ कर. त्यांच्या हातचं समज."

मी आ केला. गरम होते, मऊ होते, मीठ जास्त होतं, आणि शेवटाला ती थोडीशी कडसर चव. मला वाटत होतं मी विसरलो असेन, पण एक कणभर विसरलो नव्हतो. मी खात राहिलो आणि मामी सोलत राहिली. मैत्री म्हणाली, "बाबा, बास, पोट फुटेल." तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

आता ऐक. गोळी तू दिलीस, हो. मी बरा व्हावा म्हणून दिलीस. त्या हाताचं मला पुन्हा खायचं होतं आणि मी मागितलं नाही, ही चूक माझी. तू न भरवलेल्या सगळ्या वर्षांचं वाईट वाटतं, त्या तीन दिवसांचं अजिबात वाटत नाही. हे मी तुझ्या शेजारी बसून सांगायला हवं होतं. तू जाऊ दे नको म्हणाला होतास ना? मग जाऊ दे म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की मी आ केला होता तो तुझ्यावर विश्वास होता म्हणून, आणि तो अजून आहे.

परतलो. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी सकाळी फोन वाजला. मामी. जयभीम नाही, कसा आहेस नाही. थेट तुझ्या आवाजात, तुझ्याच हेलात तिनं विचारलं, "लघवी साफ हाय ना रे?"

मी चिडलो नाही. बाथरूमच्या दारातच उभा होतो, तिथूनच सांगितलं. तिला सांगितलं आणि तुलाही सांगतो.

साफ आहे, मामा. पाण्यासारखी.